बबनभाऊ, तुम्ही न सांगितलेला बिघाड

भाऊ,

तुमचा दहावा होऊन चार दिवस झाले. मला तुमचा राग आलेला आहे आणि तो आधीच सांगून टाकते, कारण पुढं लिहिताना तो मध्ये मध्ये डोकावणारच. घाटावर माइकवरून लोक तुमच्याबद्दल बोलत होते. कष्टाळू माणूस, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते शेवटचं ऐकलं आणि मला वाटलं, नेमकं इथंच तुम्ही चुकलात. एकदा, फक्त एकदा, तुम्ही मध्ये पडायला हवं होतं. माझ्या घराच्या मध्ये.

मी कुसगावात घराच्या मागच्या खोलीत बसून बंगल्यांची चित्रं करते. पायासुद्धा खणलेला नसतो तेव्हा तो बंगला कसा दिसेल, संध्याकाळी दिवे लागल्यावर ओसरी कशी दिसेल, हे कॉम्प्युटरवर उभं करून आर्किटेक्टला द्यायचं. तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं की माझं पोट त्या मशीनवर आहे, आणि ती मशीन तुम्ही लोणावळ्यातल्या तुमच्या दुकानात स्वतःच्या हातानं जोडून दिली होती.

स्कूटरवर पुढं पाय ठेवायच्या जागेत डबा उभा करून तुम्ही ती घरी आणलीत. सगळं जोडून झाल्यावर चहा प्यायला बसला नाहीत. म्हणालात, "आदी येक चित्र काडून दाखवा. चाललं तर च्या." मी पोहण्याच्या तलावाचं एक चित्र लावलं. जुन्या मशीनवर त्याला अख्खी दुपार लागायची. इथं तुम्ही हातात हेल्मेट धरून खुर्चीमागं उभे असतानाच पाणी चमकायला लागलं, पायऱ्यांची सावली पाण्यात मोडून दिसली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात.

"पानी खरं दिसतंय की, ताई."

"तुमच्या ग्राफिक्स कार्डाची करामत आहे."

"मी आपलं कार्ड बसावतो. त्ये काय करतंय ह्ये आज बगितलं."

मग तुम्ही चहा घेतलात, दोन कप. मला माझ्या कामाचं कौतुक तोवर कुणी असं थांबून केलं नव्हतं. सासरी ते 'कॉम्प्युटरवर बसणं' होतं. तुमच्याशी बोलल्यावर ते काम झालं. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं तेव्हा वाटायचं, एवढं काय त्यात. आणि नंतर म्हणायला तोंड उरलं नाही.

गेल्या जुलैत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस सासवडला माहेरी राहिले. परत आले आणि कामाला बसले. भुशीच्या बाजूला एक हॉटेल उभं राहणार होतं, त्याचं चालतं-फिरतं चित्र रविवारपर्यंत द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवे चौकोन उमटले. बारीक, शेवेच्या गाठीएवढे, भिंतीवर, आकाशात, सगळीकडे. मग मशीनचे पंखे जोरात फिरायला लागले आणि पडदा काळा. पुन्हा चालू केली, दहा मिनिटं बरी चालली, पुन्हा तेच. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "काय करत असताना व्हतंय?" दुसरा, "मशीन नुसती चालू ठिवली तर व्हतंय का?" नुसती ठेवली तर होत नव्हतं. "मंग घेऊन या," म्हणालात.

तुमच्या हातची तपासणी बघणं हा माझा एक आवडता भाग होता, हेही तुम्हाला माहीत नसणार. एसटी स्टँडच्या मागचा तो अरुंद गाळा, भिंतीला लटकलेल्या वायरी, आणि टेबलाशेजारचं स्टूल. हॉटेलवाल्याचा फोन दर तासाला येत होता म्हणून पहिल्या दिवशी मी त्या स्टुलावरच बसून राहिले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कार्ड गेलं, नवीन टाका. तुम्ही आधी केबल बदललीत. फक्त केबल. तेच चित्र लावून थांबलात. चौकोन आले. मग केबल जुनीच लावून मॉनिटर बदललात. पुन्हा थांबलात. मी म्हणाले, "भाऊ, दोन्ही एकदमच बदला ना, वेळ जातोय."

"दोन गोष्टी येकदम बदलल्या आन बरं झालं, तर कशानं बरं झालं सांगा," तुम्ही वर न बघता म्हणालात.

मग कार्ड काढून बाजूला ठेवलंत आणि मशीनच्या स्वतःच्या जोडणीतून पडदा चालवलात. संथ चालली, पण तासभर एकही चौकोन नाही. कार्डाच्या पट्टीवर शाळेतला खोडरबर घासलात, फुंकर न मारता ब्रशनं झाडलीत. पुन्हा बसवलंत. चौकोन. जुनं सॉफ्टवेअर मुळापासून काढून नव्यानं घातलंत. चौकोन. मग पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवलात आणि आम्ही दोघं तो चढताना बघत बसलो. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ताप लय चढतोय. उद्या खोलून बघू. पर ताप हेच कारण आसंल आसं न्हाई हां." मी घरी गेले. रविवार हातचा जाणार हे मला कळलं होतं, पण का जाणार ते कळेल याचीही खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी आले तेव्हा कार्ड उघडं पडलं होतं. पंखे एकीकडे, तांब्याच्या नळ्यांचा सांगाडा एकीकडे. तुम्ही भिंगातून काहीतरी बघत होतात. मला बघून भिंग खाली ठेवलंत.

"ताई, ही मशीन मधी कुणी उघडलीती का?"

"तुमच्याशिवाय कोण उघडणार?"

"साहेब घरीच आसतात का आता?"

"असतात की. का हो?"

"न्हाई. आसंच."

नवऱ्याच्या, म्हणजे सतीशच्या, कंपनीनं माणसं कमी केल्यापासून तो सहा महिने घरी होता, हे तुम्हाला माहीत होतं. मला वाटलं, त्याच्यासाठी कुठं कामाचं बघताय. मी तुम्हाला मनातल्या मनात दुवासुद्धा दिला. तुम्ही ताप ओढून घेणारी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावलीत, कार्ड जोडलंत, ताप वीस अंशांनी उतरला. चौकोन तसेच. मशीनला वीज पुरवणारा डबा बदललात. तसेच. शेवटी माझं कार्ड तुमच्या मशीनमध्ये घातलंत आणि तुमचं माझ्या मशीनमध्ये. तुमच्या पडद्यावर हिरवे चौकोन आले, माझा स्वच्छ. तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, "कार्डच हाय. त्याची मेमरी गेलीये."

मी ऐकलं होतं की गरम हवेनं कार्ड शेकलं की थोडे दिवस चालतं. रविवारपुरतं तेवढं करून द्या म्हणून मी तुमच्याशी भांडले. तुम्ही ऐकलं नाहीत. "चार दिस चालंल, मंग तुमी म्हनाल भाऊनं नीट करून दिलं व्हतं. खोटं बरं करून द्यायचं न्हाई मला." त्याऐवजी तुम्ही तुमचं स्वतःचं कार्ड माझ्या मशीनमध्ये ठेवून ती मला घरी न्यायला दिलीत. रविवारी हॉटेलचं चित्र त्यावरच गेलं. माझं बिघडलेलं कार्ड तुमच्या टेबलावर राहिलं.

आणि त्याच वेळी तुम्हाला ठाऊक होतं की ते माझं कार्ड नाहीच.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. सोमवारी सतीशनं माळ्यावरून कार्डाचा रिकामा खोका काढला. चार वर्षं आम्ही तो का ठेवला होता कोण जाणे. खोक्यावर नंबर होता. तो म्हणाला, "चल, बघू तरी त्याच्याकडं जे कार्ड पडलंय त्यावर हाच नंबर आहे का." मी म्हणाले, काहीतरीच काय. तो म्हणाला, "हे लोक चांगला माल काढून घेतात आणि भंगार दाखवतात. तुला कळत नाही, तू विश्वास ठेवतेस." मी त्याच्याबरोबर आले, भाऊ. तुमच्याविरुद्ध नव्हते आले, हे तरी खरं माना. सतीशचं तोंड बंद व्हावं म्हणून आले होते.

कार्ड टेबलावर होतं. मी नंबर वाचला. खोक्यावरचा वाचला. पुन्हा दोन्ही वाचले. जुळत नव्हते.

दुकानात तेव्हा झेरॉक्सवाले जाधव होते, शाळेतले एक सर होते, आणि एक बाई प्रिंटरचा कागद अडकला म्हणून आल्या होत्या. मी त्या सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "माझं कार्ड कुठंय, भाऊ?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. दाराशी खोका हातात धरून उभ्या असलेल्या सतीशकडं बघितलंत. बराच वेळ. मला ते ओशाळलेपण वाटलं. पकडला गेलेला माणूस असाच भलतीकडं बघतो, असं मी त्या क्षणी मनात म्हणाले. माझ्या लक्षात आहे ते वाक्य.

"बोला की," मी म्हणाले.

"काय बोलू, ताई?"

"हे माझं कार्ड आहे का?"

"न्हाई. ह्ये तुमचं न्हाई."

"मग माझं कुठं गेलं?"

पंख्याखालचे कागद उडत होते, त्यावर पक्कड ठेवलीत. मग म्हणालात, "तुमाला माज्यावर संशय आसंल तर माजं कार्ड तुमच्याकडंच राहू द्या. मशीन चालू राहील. जावा तुमी."

यालाच मी कबुली समजले. तुम्ही तुमची वस्तू मला दिलीत आणि मी ती चोरीची भरपाई म्हणून घेऊन गेले. पायरी उतरताना मी म्हणाले, "आईच्या वयाच्या बाईचं तरी घेतलं नसतंत ना असं?" त्या वाक्याला काही अर्थही नव्हता. लागावं म्हणून म्हटलं होतं. तुम्हाला ते लागलं, हे तुमच्या मानेवरून दिसलं, आणि मला बरं वाटलं.

त्या दिवशी मी बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहिलं. तुमचं नाव घालून. सुशिक्षित बाईनं लिहिलेलं, दोन्ही नंबरांचे फोटो जोडलेलं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण अशी गोष्ट ऐकायला लोक तयारच बसलेले असतात. झेरॉक्सवाले जाधव ग्रुपवर म्हणाले, मी तिथंच होतो, त्यानं कबूल केलं. सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेचं काम तुमच्याकडून काढून घेतलं. दिवाळीच्या आत तुमच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी आला. मी येता-जाता बघायची आणि मला वाटायचं, बरं झालं.

आता एक गोष्ट सांगते जी मला झोपू देत नाही. हिरवे चौकोन माझ्या घरात आले होते, भाऊ. मशीन तुमच्या टेबलावर यायच्या आधी. माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर, माझ्याच खोलीत. चौकोन त्या कार्डाचे होते, हे तुम्ही दोन दिवस खपून मला दाखवलंत. मग ते कार्ड मशीनमध्ये माझ्या घरीच होतं. तुम्ही ते बदललं असणं शक्यच नव्हतं. एवढी साधी गोष्ट. तुमच्याशेजारी स्टुलावर बसून मी सगळं बघितलं होतं, मान डोलावली होती, आणि जिथं डोकं चालवायचं तिथं मी नंबर वाचत बसले. तुम्ही एक शब्द न बोलताही मला हे कळायला हवं होतं. ते कळलं नाही, याचा दोष मी तुमच्यावर ढकलत नाही. तो माझा आहे.

पण बाकीचा तुमचा आहे.

जानेवारीत मी तुम्हाला तळेगावात बघितलं. चौकात कंपनीची बस थांबली होती, तुम्ही निळ्या गणवेशात रांगेत होतात, हातात डबा, गळ्यात ओळखपत्र. कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर इलेक्ट्रिशियन म्हणून लागलात असं ऐकलं होतं. तुमच्या आजूबाजूची सगळी पोरं पंचविशीतली. आपली नजर भेटली. तुम्ही हात वर केलात, नेहमीसारखा अर्धाच. मी मान फिरवली. शहाळ्यांच्या गाडीकडं बघत राहिले बस निघेपर्यंत.

तेव्हा तुम्ही सगळं जाणत होतात आणि तरी हात वर केलात. त्याचा मला सर्वात जास्त राग येतो. तुम्ही मान फिरवली असती तर आज मला थोडं सोपं गेलं असतं.

या महिन्यात त्याच बसच्या वाटेवर तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. छातीत दुखत होतं, दोन दिवसांपासून, कुणाला सांगितलं नव्हतंत. हे मला आमच्या दूधवाल्यानं सांगितलं. तुमची बातमी कळायला मला तेवढीच जागा उरली होती. जावं की न जावं यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी, सुदुंबऱ्याला गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मला वाटत होतं की मी मोठ्या मनाची आहे. माणूस गेला, आता मनात काही ठेवायचं नाही, असं स्वतःशी म्हणत मी तुमच्या अंगणात शिरले. तुम्हाला माफ करायला आले होते, भाऊ. हसू नका.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले. त्यांनी मला ओळखलं. आजूबाजूच्या बायका पाणी आणायला, चूल बघायला उठल्या तसं त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

"तुमी कुसगावच्या ताई ना? चित्रवाल्या."

"हो."

"कशाला आलासा?"

मी काहीतरी बोलले. झालं गेलं, भाऊ माणूस चांगले होते, असं काहीतरी.

"चांगलेच व्हते," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला दुसऱ्याच दिशी सांगितलं व्हतं. ह्या कार्डाच्या स्क्रूवर माजा लाल ठिपका न्हाई. मी बसावलेलं ह्ये न्हवं. ह्ये कुनीतरी घरात बदललंय. माजी नेलपॉलिश न्यायचे ते ठिपके द्यायला, तुमाला ठावं न्हाई ते."

मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी त्येच म्हनले. म्हनले, सांगा त्या बाईला सरळ. तर म्हनले, त्या मानसाला मी बोललोय, आठ दिसांत तू सांग म्हनून. तो रडला माज्यापुडं. त्याला टाइम देतो. आन मंग तुमी आलासा दुकानात. त्याला घेऊन." त्यांनी पदर सारखा केला. "तवा बी सांगितलं न्हाई. घरी येऊन म्हनले, बाईचा संसार हाय. माजं काय, मी दुसरीकडं काम बगीन."

मी रडायला लागले. त्यांनी मला हात लावला नाही.

"हितं नका रडू," त्या म्हणाल्या. "लोक इचारतील कोन म्हनून. मी काय सांगू?"

मी उठले. अंगण ओलांडताना कुणीतरी चहाचा कप पुढं केला, मी तो घेतला आणि न पिता ओट्यावर ठेवला.

घरी आले तेव्हा सतीश जेवायला बसायच्या बेतात होता. मी विचारलं, "मी सासवडला होते तेव्हा कार्ड तू काढलंस?" त्यानं आधी कुठलं कार्ड विचारलं. मग म्हणाला, आता तो विषय कशाला, माणूस गेला. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुसरं काही विचारलं नाही, आवाजही चढवला नाही. चौथ्यांदा विचारल्यावर त्यानं ताट बाजूला सरकवलं. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात तो हरला होता. माझं कार्ड पुण्यात कुणाला तरी विकलं आणि दिसायला तसंच एक वापरून वापरून झिजलेलं आणून बसवलं. "मला वाटलं चालेल," तो म्हणाला. "तुला कळणारही नाही असं वाटलं."

"आणि भाऊ तुझ्याकडं आले होते?"

"आले होते. नाक्यावर चहाला बोलावलं होतं. चांगलं बोलले."

"तरी तू खोका काढलास."

त्यानं ताट पुन्हा पुढं ओढलं. चांगलं बोलले, म्हणे. तुम्ही त्याला आठ दिवस दिलेत आणि त्यानं त्या आठ दिवसांत तुम्हाला चोर ठरवायची तयारी केली. तुम्ही माणसाला जोखण्यात एवढे कच्चे कसे निघालात?

मला माझा संसार वाचवायला कुणी सांगितलं होतं, भाऊ? तुम्ही शाळेच्या सरांना तोंडावर सांगायचात की साहेब, ही मशीन आता संपली, पैसे घालू नका. हॉटेलचं काम बुडत असतानाही मला सांगितलंत, खोटं बरं करून देणार नाही. मशीनच्या बाबतीत तुम्ही कधी कुणाची भीड ठेवली नाहीत. माझ्या बाबतीत मात्र तुम्ही मनाशी ठरवलंत की बाईला झेपणार नाही. सहन करायचं की मोडायचं, हे ठरवायचा हक्क माझा होता. तुम्ही तो घेतलात आणि वर मोठेपणाही घेतलात. माझ्याकडं काय ठेवलंत? तो फोटो जोडलेला मजकूर, आणि तळेगावच्या चौकात फिरवलेली मान.

हे लिहितानाही मला कळतंय की मी तुमच्यावर अन्याय करतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ताई, तुमी तवा आयकून घेतलं आसतं का?" आणि मी शपथेवर सांगू शकत नाही की घेतलं असतं. त्या दुकानात तुम्ही सतीशकडं बोट दाखवलं असतं तर मी बहुधा तुमच्या तोंडावर म्हणाले असते की माझ्या नवऱ्यावर ढकलता का. कदाचित तुम्हाला हेच दिसलं असेल. कदाचित म्हणूनच गप्प बसलात. पण नंतर? आठ महिने होते, भाऊ. एक फोन, एक चिठ्ठी. तुमच्याकडं पुरावा होता. तुम्ही तो भिंगाखाली बघून स्वतःजवळच ठेवलात.

पाचव्या दिवशी मी त्याच ग्रुपवर लिहिलं. तुमचं नाव, माझं नाव, सतीशचं नाव. बबनभाऊंनी माझं कार्ड घेतलं नव्हतं, ते माझ्या घरातून गेलं, मी न तपासता आरोप केला आणि तो खोटा होता. लिहायला तास गेला. पाठवल्यावर दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले. भाऊ, असे अचानक कसे गेलात. जाधवांनी फुलांचं चित्र टाकलं. कुणी पहिल्या ओळीपुढं वाचलं नव्हतं. तुमचं नाव बघून हात जोडले आणि पुढं गेले. सतीशनं मात्र वाचलं. तो बॅग भरून चिंचवडला भावाकडे गेला. अजून तिकडेच आहे. तुम्ही जो संसार सांभाळलात तो असा झाला, हे तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगते. तुम्ही दुकान घालवून त्याला आठ महिने दिलेत.

म्हणून मी दहाव्याला आले. घाटावर मंडप होता, कीर्तनकार बोलून झाले होते, माजी सरपंच, मग सोसायटीचे कुणी, मग कंपनीतले एक साहेब, ज्यांनी तुमचं आडनाव चुकीचं घेतलं. माइक धरणाऱ्याला मी म्हणाले, मला दोन मिनिटं द्या. त्याला वाटलं नातेवाईक असेन. मी उभी राहिले. मी सांगितलं की मी कोण, मी काय लिहिलं होतं, कार्ड खरं कुणी काढलं होतं, आणि तुम्हाला ते माहीत असून तुम्ही बोलला नाहीत. ग्रुपवरच्यासारखं नीट जमलं नाही. मध्येच थांबले. पण इथं कुणाला दोन ओळींवर सोडून पुढं जाता येत नव्हतं. मंडपातला आवाज हळूहळू बंद झाला. जाधव तिसऱ्या रांगेत होते, ते मान खाली घालून बसले. सर उठून बाहेर गेले.

मी वहिनींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. नंतर, पान वाढायच्या गडबडीत, त्या माझ्याजवळून गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "बोललासा ते बरं केलंत. त्यांनी आयकलं आसतं तर आनी बरं झालं आसतं."

मी जेवले नाही. चपला शोधत होते तेव्हा जाधव मागून आले. दुकानातल्या त्या दिवशी ते होते, ग्रुपवर साक्ष त्यांनीच दिली होती. मला वाटलं, ते त्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या दुकानातली मशीन दोन महिने झाले बंद पडतेय. तीन जणांनी बघितली, तिघांनी तीन पार्ट बदलले. आता कुणाकडं न्यायची हो?"

बबनभाऊंकडं न्या, असं मी म्हणूनसुद्धा गेले.